दमलेला शिलेदार

‘डॉन किहोते’ ही कादंबरी न वाचताही सगळ्यांना ठाऊक असते. पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला रोखून धावत सुटलेला हाडकुळा गृहस्थ आणि त्याच्या मागून ओरडत, गाढव हाकत येणारा ढेरपोट्या सांचो पान्सा, एवढ्या एका चित्रावर जगाचे काम भागते. प्रत्यक्षात हा प्रसंग पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणात येतो आणि दोन-तीन पानांत उरकतो. पहिल्या भागाची प्रकरणे ५२, दुसऱ्याची ७४. म्हणजे चक्कीच्या पात्याने डॉनला घोड्यासकट भिरकावून दिल्यावरही ११८ प्रकरणे शिल्लक उरतात. एवढ्या पसाऱ्यात होते तरी काय, असे कुणी विचारले तर मी एका वाक्यात सांगेन: एक माणूस हळूहळू दमत जातो.

या कादंबरीकडे असे सहसा कुणी पाहत नाही. पहिल्या पिढीतले वाचक पोट धरून हसले. पुढे रोमँटिक मंडळींना डॉनमध्ये ध्येयवेडा दिसला. मिगेल दे उनामुनोने १९०५ मध्ये डॉन आणि सांचो यांचे ‘चरित्र’ लिहिले, त्यात तर डॉन जवळजवळ संतपदाला पोचला. याच्या अगदी उलट टोकाला व्लादिमिर नाबोकोव्ह. १९५२ मध्ये हार्वर्डला व्याख्याने देताना त्याने या पुस्तकातल्या क्रौर्यावर बोट ठेवले आणि डॉनच्या जय-पराजयांचा टेनिसच्या सामन्यासारखा हिशेब मांडला. सामना बरोबरीत सुटतो, असा त्याचा निष्कर्ष. हिशेब मनोरंजक आहे. पण या माणसाला जिंकणेही तेवढेच महागात पडते आणि त्याचे मोल त्या तक्त्यात कुठेच धरलेले नाही. मराठी वाचकाला ही जोडी अगदीच परकी नाही; जी. ए. कुलकर्णींनी ‘यात्रिक’ या कथेत दोघांना पुन्हा वाटेला लावले आहे, आणि ती कथा वाचलेल्यांना मी काय म्हणतो आहे ते लवकर उमजेल.

सुरुवात जागरणापासून होते. ला मांचा या रखरखीत मुलखातल्या एका गावचा पन्नाशीला टेकलेला खानदानी पण बेताच्या ऐपतीचा गृहस्थ. उत्पन्नाचा तीन चतुर्थांश भाग जेवणाखाण्यातच संपतो. घरी चाळिशी ओलांडलेली एक बाई घर सांभाळते, विशीच्या आतली एक भाची आहे. त्याला नाद लागतो शिलेदारांच्या पराक्रमाच्या पोथ्यांचा. पोथ्यांसाठी तो जमिनीचे तुकडे विकतो आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंत वाचत बसतो. वाचन फार, झोप थोडी. त्याने मेंदू सुकला आणि डोके फिरले, असे लेखक सांगतो. आपल्याला ही थट्टा वाटते, पण त्या काळचे वैद्यकच तसे मानत होते. हुआन हुआर्ते या स्पॅनिश वैद्याचा माणसांच्या बुद्धिप्रकृतीवरचा ग्रंथ १५७५ मध्ये निघाला होता आणि चांगला गाजला होता. उष्ण आणि कोरड्या प्रकृतीने बुद्धी तल्लख होते, कल्पना भडकते, जागरणाने कोरडेपणा वाढतो आणि झोपेने मेंदूला ओलावा मिळतो, हा विचार सर्वसामान्य होता. तेव्हा डॉनच्या वेडाचे निदान लेखकाने पहिल्याच प्रकरणात लिहून ठेवले आहे: न झोपलेला माणूस.

घोड्यावर स्वार झाल्यावरही तो झोपत नाही. पोथ्यांतले वीर रानावनात रात्री जागून काढतात, प्रियेची आठवण काढत. म्हणून पवनचक्कीने हाडे खिळखिळी केल्याच्या रात्रीही हा झाडाखाली आपल्या मनानेच ठरवलेल्या प्रियेचे, दुल्सिनेआचे, चिंतन करत डोळे उघडे ठेवून बसतो. सांचो मात्र पोटभर जेवून जो आडवा होतो तो उन्हे तोंडावर येईपर्यंत उठत नाही. सकाळी डॉन न्याहारीही नाकारतो; आठवणींवर त्याचे पोट भरलेले असते. त्याआधी वाटेत दोघांचे छोटेसे बोलणे होते. डॉन एका बाजूला कलून बसला आहे हे सांचो दाखवून देतो. डॉन म्हणतो, लागले आहे, पण आतडी बाहेर आली तरी शिलेदाराने कण्हायचे नसते, तसा नियमच आहे. सांचो विचारतो, हा नियम नोकरांनाही लागू आहे काय? कारण मला तर जरा काही दुखले की मी बोंबलणार. डॉन हसतो आणि त्याला वाटेल तेव्हा कण्हायची मुभा देतो, कारण नोकराला मनाई असल्याचे त्याच्या वाचनात आलेले नाही.

या मुभेवर अर्धी कादंबरी उभी आहे असे मला वाटते. एकाला दमण्याची परवानगी नाही, दुसऱ्याला आहे. ज्याला परवानगी आहे तो कण्हतो, जेवतो, झोपतो आणि सकाळी ताजातवाना उठतो. ज्याला नाही त्याच्या अंगात थकवा साठत जातो आणि तो बोलून दाखवायचे काम सांचोकडे येते.

पहिल्या भागातला हा थकवा मुख्यतः शरीराचा आहे आणि त्याची नोंद लेखक सर्व्हान्तेस तपशिलाने ठेवतो. मेंढ्यांच्या कळपांना सैन्य समजून डॉन आत घुसतो तेव्हा धनगर गोफणीने दगड मारतात आणि त्याचे तीन-चार दात जातात. डॉन सांचोला तोंडात बोट घालून मोजायला सांगतो. खाली अडीच दाढा उरल्या आहेत, वर एकही नाही. इतका वेळ जगाचे अन्याय निवारायला निघालेला माणूस दाढांच्या मोजणीवर येतो आणि एक हात तुटला असता तरी चालले असते म्हणून हळहळतो.

त्याच रात्री, उपाशीपोटी अंधारात वाट काढताना, त्यांना मशाली घेतलेल्या लोकांची रांग भेटते. ते बाएसाहून सेगोव्हियाला एक प्रेत नेत असतात. डॉन त्यांच्यावरही तुटून पडतो, आणि इथे सांचो त्याला ते नाव देतो जे पुढे जन्मभर चिकटते: उदास चेहऱ्याचा शिलेदार. चित्रांतून, नाटकांतून, स्मारकांतून हे नाव इतके मिरवले गेले आहे की ते मुळात कुठून आले ते कुणी पाहत नाही. डॉन विचारतो, आत्ताच हे नाव का सुचले? सांचोचे उत्तर सरळ आहे. मशालीच्या उजेडात तुमच्याकडे बघत होतो, एवढा वाईट चेहरा मी अलीकडे पाहिला नव्हता. एकतर या मारामारीचा थकवा असेल किंवा दात पडल्यामुळे असेल. डॉनला हे कारण अर्थातच मानवत नाही. आपला इतिहास लिहिणाऱ्या कुणा ज्ञानी पुरुषाने सांचोच्या तोंडी हे घातले असणार, असे तो ठरवतो आणि ढालीवर तसे चित्र काढून घेण्याचा बेतही करतो. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध बिरुदांपैकी एक, आणि त्याचे मूळ थकव्यात आणि बोळक्यात.

या थकव्यावर उपायही शरीराचेच आहेत. तेल, दारू, मीठ आणि रोझमेरी उकळून डॉन एक जादूचा काढा करतो. तो पिऊन भडभडून ओकतो, घामाने भिजतो, पांघरूण घेऊन तीन तासांवर झोपतो आणि जागा होतो तो बरा होऊनच. काढ्याची जादू झाली असे त्याला वाटते. गुण झोपेचा आहे हे वाचकाला दिसते. पहिल्या भागाच्या अखेरीस त्याला पिंजऱ्यात घालून बैलगाडीतून गावी आणतात. पुढे घर सांभाळणारी बाई सांगते की वाळून पिवळ्या पडलेल्या या माणसाला माणसात आणायला सहाशेच्या वर अंडी लागली. बाई अंड्यांचा हिशेब खोटा सांगणारी नव्हे. आपल्या कोंबड्या साक्षीला आहेत असेही ती म्हणते. सहाशे अंड्यांनी भरून निघेल असा हा थकवा होता.

पहिला भाग १६०५ मध्ये माद्रिदला हुआन दे ला कुएस्ताच्या छापखान्यातून बाहेर पडला तेव्हा मिगेल दे सर्व्हान्तेस ५७ वर्षांचा होता. त्याच्या मागे काय होते ते थोडक्यात सांगायला हवे. १५७१ मध्ये लेपांतोच्या आरमारी लढाईत त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला. १५७५ मध्ये परतीच्या वाटेवर चाच्यांनी पकडले आणि अल्जियर्सला पाच वर्षे गुलामीत गेली. चार वेळा पळायचा प्रयत्न केला, चारही वेळा फसला. १५८० मध्ये खंडणी भरून सुटका झाली. मायदेशी कुणी हार घेऊन उभे नव्हते. १५८७ पासून तो अंदालुसियाच्या गावोगाव फिरून स्पॅनिश आरमारासाठी गहू आणि तेल वसूल करत होता. चर्चच्या मालकीचे धान्य उचलले म्हणून धर्मबहिष्कृतही झाला. ज्या आरमारासाठी ही वसुली, ते १५८८ मध्ये बुडाले. १५९० मध्ये त्याने अमेरिकेतल्या वसाहतींत एखादी नोकरी मागितली, अर्ज नामंजूर झाला. १५९७ मध्ये सरकारी पैशाच्या हिशेबापायी सेव्हिलच्या तुरुंगात जावे लागले. ऊन, धूळ, खेचर, सरायांतले शिळे अन्न, दारात उभा राहिला की तोंड वाकडे करणारे गावकरी, हे सगळे त्याने पोथ्यांतून उचललेले नाही. देशाचेही तेच चालले होते. अमेरिकेची चांदी येत होती आणि तरीही राजाने १५९६ आणि १६०७ मध्ये सावकारांपुढे हात वर केले. पराक्रमाची भाषा जुनीच होती, ती पेलणारे अंग राहिले नव्हते. मात्र डॉन म्हणजे स्पेन असे समीकरण मांडून मोकळे होणाऱ्यांच्या मी वाटेला जात नाही. त्याने डॉन लहान होतो, आणि स्पेनचा इतिहासही काही नीट कळत नाही.

दुसरा भाग १६१५ मध्ये आला. मधल्या काळात, १६१४ मध्ये, आवेयानेदा या टोपणनावाने कुणीतरी खोटा दुसरा भाग छापून टाकला होता आणि प्रस्तावनेत सर्व्हान्तेसच्या म्हातारपणाची आणि लुळ्या हाताची टिंगल केली होती. कादंबरीतल्या काळात मात्र जेमतेम महिनाभर गेला आहे. डॉन पलंगावर बसलेला, हिरवी बंडी, डोक्यावर लाल टोपी, वाळून ममीसारखा झालेला. तो तिसऱ्यांदा बाहेर पडतो आणि इथून थकव्याची जातच बदलते.

पहिल्या भागात भास डॉन स्वतः निर्माण करतो. सराईचा किल्ला करतो, न्हाव्याच्या तसराळ्याचे शिरस्त्राण करतो. त्याला मेहनत लागते. दुसऱ्या भागात लोकांनी पहिला भाग वाचलेला असतो. त्यांना हा कोण ते ठाऊक असते, आणि त्याच्यासाठी भास तयार करून ठेवायला ते एका पायावर तयार असतात. आरंभ सांचोच करतो. दुल्सिनेआ दाखवायची वेळ येते तेव्हा तो गाढवांवरून येणाऱ्या तीन खेडवळ मुलींपैकी एकीकडे बोट दाखवतो आणि गुडघे टेकून तिची स्तुती सुरू करतो. डॉन डोळे ताणून पाहतो. त्याला गाढवावरची खेडवळ मुलगीच दिसते, आणि जवळ गेल्यावर कच्च्या लसणाचा वास येतो. वेड्याला खरे दिसते आहे आणि शहाणा त्याला खोटे पटवून देतो आहे. पुढे सरायांनाही तो सराईच म्हणू लागतो, आणि हा बदल वाचकाच्या नजरेतून सुटू नये म्हणून लेखक मुद्दाम सांगतो. सराईला किल्ला म्हणायलाही अंगात बळ लागते.

एब्रो नदीकाठचा प्रसंग मला या सगळ्याचा कणा वाटतो. काठाला एक नाव बांधलेली, वल्हे नाही, नावाडी नाही. कुणा संकटातल्या वीराकडे नेण्यासाठी ती पाठवली आहे असे ठरवून डॉन सांचोला घेऊन तीत बसतो. प्रवाह त्यांना सरळ पाणचक्क्यांकडे ओढतो. पिठाने पांढरेफटक झालेले चक्कीवाले बांबू घेऊन धावतात, नाव उलटते, दोघांना बाहेर काढतात आणि नावेचा चक्काचूर होतो. आठव्या प्रकरणातल्या पवनचक्क्यांची ही बहीणच आहे, पण आता वाऱ्याच्या जागी पाणी आहे आणि डॉनची प्रतिक्रिया वेगळी आहे. तेव्हा त्याने एका जादूगारावर खापर फोडले होते आणि पुढच्या लढाईची तयारी केली होती. आता तो म्हणतो की इथे दोन जादूगार एकमेकांविरुद्ध कामाला लागले आहेत, एक घडवतो आणि दुसरा मोडतो, सारे जगच असे उलटसुलट कारस्थानांचे आहे, आणि आपल्याच्याने आता काही होणार नाही. मग तो चक्कीकडे तोंड करून आतल्या काल्पनिक कैद्यांची माफी मागतो, ही कामगिरी दुसऱ्या कुणाच्या नशिबी असेल म्हणून सांगतो, आणि नावेच्या मालकांना पन्नास रेआल मुकाट्याने मोजायला लावतो. हे २९वे प्रकरण. अजून ४५ प्रकरणे बाकी आहेत. त्याला कुणी हरवलेले नाही, तरी त्याने हात टेकलेले आहेत.

लगेच पुढच्या प्रकरणात ड्यूक आणि डचेस भेटतात, आणि पाहुणचार सुरू होतो. पाहुणचार म्हणजे मोठ्या खर्चाने, नोकरचाकर, कपडे, मशाली, लाकडी घोडा असा सगळा सरंजाम जमवून केलेली थट्टा. वाड्यात पाऊल टाकताच होणारा सन्मान पाहून, आपण खरोखरीचे शिलेदार आहोत अशी डॉनची पहिल्यांदाच पूर्ण खात्री पटते, असे लेखक लिहितो. म्हणजे याआधी पूर्ण खात्री नव्हती! या एका वाक्यापाशी थांबून विचार करावा असे ते आहे. खात्री नव्हती तेव्हा तो धावत होता, लढत होता, मार खात होता. खात्री झाली आणि करायला काही उरले नाही. सगळे आयते समोर येऊ लागले.

ही वाड्यातली प्रकरणे तिसाव्यापासून सत्तावन्नाव्यापर्यंत चालतात आणि खरे सांगायचे तर मलाही ती जड जातात. एका खोडीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी. हे मुद्दाम केले आहे असे म्हणून लेखकाची बाजू सावरता येईल, पण माझ्या मते ते पूर्णपणे मुद्दाम नाही. कथानक इथे सैल पडले आहेच. गंमत अशी की पुस्तकालाच ते ठाऊक आहे. ही कथा मुळात सिदे हामेते नावाच्या एका मूर इतिहासकाराने अरबीत लिहिली, असा बनाव सर्व्हान्तेसने केला आहे. ४४व्या प्रकरणाच्या आरंभी हा इतिहासकार कुरकुर करतो की ही कसली कोरडी कहाणी मी अंगावर घेतली, सतत त्या डॉनविषयी आणि सांचोविषयीच लिहायचे, दुसरीकडे वळायची सोय नाही. नायक दमलेला, आणि लेखणी धरणाराही कंटाळलेला.

त्याच प्रकरणात या कादंबरीतला मला सर्वांत जवळचा वाटणारा प्रसंग आहे. सांचो ड्यूकने देऊ केलेल्या कुठल्यातरी ‘बेटा’चा सुभेदार म्हणून निघून गेला आहे. डॉन एकटा. डचेस चार दासी देऊ करते, तो नको म्हणतो, दार लावून घेतो आणि दोन मेणबत्त्यांच्या उजेडात कपडे उतरवतो. मोजा काढताना उसवतो. दोनेक डझन टाके सुटतात, मोज्याला जाळी पडते. मोजे हिरवे आहेत आणि हिरवा रेशमी धागा जवळ नाही. असता तर त्याने तोळाभर चांदी मोजली असती. इथे लेखक मध्येच थांबून गरीब खानदानी माणसाच्या अब्रूविषयी बोलतो. उपाशी असून दात कोरत बाहेर पडणारा, बुटाचे ठिगळ कोसभरावरून दिसेल म्हणून धास्तावलेला. शेवटी सांचो आपले प्रवासी बूट मागे ठेवून गेला आहे हे पाहून डॉनला धीर येतो, उद्या ते घालता येतील. तो आडवा होतो, पण उकाडा असतो आणि झोप येत नाही. राक्षसांशी लढताना जो खचला नाही तो फाटक्या मोज्यापुढे खचतो.

तिकडे सांचोचा कारभार सात रात्री टिकतो. न्यायनिवाडे तो झकास करतो, पण एक वैद्य त्याला जेवू देत नाही, आणि शेवटी खोट्या हल्ल्यात दोन ढालींमध्ये दोरीने आवळून त्याला तुडवतात. शुद्धीवर आल्यावर तो एक शब्दही न बोलता कपडे चढवतो, हळूहळू तबेल्यात जातो, गाढवाच्या कपाळाचा मुका घेतो आणि खोगीर घालायला लागतो. वाटेसाठी मागतो काय, तर गाढवाला थोडे सातू आणि स्वतःला अर्धा पाव, अर्धे चीज. थकलो हे ओळखणे आणि उठून घरची वाट धरणे त्याला जमते. त्याच्या धन्याला ते कधीच जमले नाही, कारण त्याच्या पोथीत तशी तरतूद नव्हती.

वाडा सोडल्यावर डॉन मोकळा श्वास घेतो खरा. त्या मेजवान्या, ती बर्फाने गार केलेली पेये आपल्याला उपासासारखी वाटत होती, कारण ती आपली नव्हती, असे तो सांचोला सांगतो. पण थोड्याच वेळात बैलांचा कळप दोघांना तुडवून जातो. झऱ्याकाठी तोंड धुऊन बसल्यावर सांचो शिदोरी सोडतो आणि डॉन जेवायचे नाकारतो. मला उपाशी मरू दे म्हणतो. सांचो तोंड भरलेले असतानाच सल्ला देतो की आधी खा, मग या हिरवळीवर झोप काढा, उठल्यावर बरे वाटेल. वैद्याने याहून वेगळे काय सांगितले असते?

बार्सिलोनात डॉन आंतोनियो मोरेनो नावाचा यजमान भेटतो, आणि थट्टा पुन्हा सुरू. डॉनच्या पाठीवर नकळत त्याच्या नावाची चिठ्ठी लावून रस्त्यातून मिरवतात. लोक नावाने हाका मारतात आणि आपली कीर्ती एवढी पसरली म्हणून हा चकित होतो. रात्री घरी नाच असतो. दोन खोडकर बायका त्याला आळीपाळीने नाचायला ओढतात. लांबलचक, वाळका, पिवळा, घट्ट कपड्यांत आवळलेला माणूस, नाच अंगात नाही, सभ्यपणामुळे नाही म्हणता येत नाही. शेवटी तो दिवाणखान्याच्या मधोमध, सगळ्यांसमोर, फरशीवर फतकल मारून बसतो. त्याला उचलून बिछान्यावर न्यावे लागते. पहिला हात लावतो सांचो, आणि उचलता उचलता रागावतो: नाचायला कुणी सांगितले होते, सगळेच शूर काय नाचे असतात? मग नीट पांघरूण घालतो, घाम येऊन बरे वाटावे म्हणून. मला विचाराल तर डॉनचा पराभव झाला तो या फरशीवर. समुद्रकिनाऱ्यावरचे द्वंद्व ही त्यानंतरची कागदोपत्री पूर्तता.

ते द्वंद्व काही क्षणांचेच आहे. शुभ्रचंद्राचा शिलेदार, म्हणजे वेष पालटून आलेला गावचाच पदवीधर सान्सोन कार्रास्को, आव्हान देतो. त्याचा घोडा तगडा, डॉनचा रोसिनान्ते बिचारा रोसिनान्ते. कार्रास्को भाला वर उचलून धरतो, टोक लागू देत नाही, नुसत्या घोड्याच्या धडकेने डॉनला लोळवतो. अट अशी की वर्षभर शस्त्र खाली ठेवून गावी राहायचे. पडलेला डॉन थडग्यातून यावा तशा खोल आवाजात सांगतो की दुल्सिनेआ जगात सर्वांत सुंदर आहे, माझ्या अशक्तपणाने ते सत्य खोटे ठरत नाही, भाला चालव आणि संपव. इथे माझ्यातला हसणारा वाचक गप्प होतो.

परतीच्या वाटेवर चिलखत गाढवावर लादलेले, सांचो पायी. एका रात्री सहाशेच्या वर डुकरांचा कळप दोघांना तुडवून जातो आणि डॉन तलवारीला हातही लावत नाही. हरलेल्या शिलेदाराला हेच योग्य, म्हणतो. त्याच रात्री सांचो झोपेची थोरवी गातो. हे स्तोत्र कादंबरीतल्या उत्तम उताऱ्यांपैकी आहे आणि डॉनलाही ते इतके आवडते की तो सांचोच्या वक्तृत्वाची तारीफ करतो. पण झोपतो सांचोच. डॉनची पहिली झोप होते, दुसरी लागत नाही.

गावी पोचल्यावर ताप येतो, सहा दिवस तो अंथरुणात असतो, आणि वैद्याचे मत पडते की विषण्णता या माणसाला संपवते आहे. मग तो झोप मागतो आणि सहा तासांवर सलग झोपतो. उठतो तो शुद्धीवर: मी डॉन किहोते नाही, आलोन्सो किहानो. ज्या मंडळींनी त्याला शहाणे करायला इतका आटापिटा केला तीच आता कावरीबावरी होतात. मेंढपाळ व्हायचा बेत ठरला होता ना, म्हणून कार्रास्कोने कळप राखायला दोन कुत्रेसुद्धा विकत घेतले आहेत. सांचो रडत म्हणतो की धनी, मरू नका, कुणी मारलेले नसताना निव्वळ दुःखाने मरणे यासारखा वेडेपणा नाही. आळस करू नका, उठा, आपण रानात जाऊ. हरल्याचे वाईट वाटत असेल तर दोष माझ्यावर घाला, रोसिनान्तेचा पट्टा मी नीट आवळला नव्हता म्हणा. इतके दिवस धन्याचा थकवा बोलून दाखवणारा हा माणूस शेवटच्या घडीला त्याला आळस समजतो. ज्याचा शीण रात्रीच्या झोपेने जातो त्याला झोपून उठल्यावरही न गेलेला शीण कळणार कसा? मृत्युपत्र झाल्यावर डॉन आणखी तीन दिवस काढतो, वारंवार शुद्ध हरपते. घर हवालदिल असते, पण भाची जेवते, घर सांभाळणारी बाई पेला उचलते, सांचोही खुशीत असतो, कारण वारशाने दुःख थोडे हलके होते. लेखक हे कुणावरही न रागावता नोंदवतो.

सर्व्हान्तेस २२ एप्रिल १६१६ रोजी माद्रिदला वारला, दुसरा भाग निघून वर्षही झाले नव्हते. तीनच दिवस आधी, मरणापूर्वीच्या धर्मविधीचे तेल लागलेले असताना, त्याने आपल्या पुढच्या कादंबरीची अर्पणपत्रिका लिहिली. त्या कादंबरीच्या प्रस्तावनेत वाटेत भेटलेला एक विद्यार्थी त्याला जलोदर झाला आहे असे सांगतो आणि पाणी बेताने पीत जा असे बजावतो. मजकूर हसरा आहे. दमलेल्या माणसाची एवढी मोठी कथा लिहिणारा स्वतः शेवटच्या आठवड्यातही लिहीत होता, ही विसंगती मला सोडवता आलेली नाही आणि सोडवायची इच्छाही नाही.

वाचायला बसणाऱ्याला थोडे व्यवहाराचे सांगतो. दोन्ही भाग सलग वाचू नका. १६०५ चा वाचक दुसऱ्या भागासाठी दहा वर्षे थांबला होता, आपण निदान दहा-पंधरा दिवस थांबावे. पहिल्या भागाचे हसू थोडे विरल्याशिवाय दुसऱ्याचा सूर कानाला नीट लागत नाही. दुसऱ्या भागातली २९, ४४ आणि ६२ ही प्रकरणे घाईत ओलांडू नका. आणि ड्यूकच्या वाड्यात कंटाळा आला तर येऊ द्या, पण पाने गाळू नका. डॉनलाही तिथून लवकर निघता आले नव्हते.